प्राणी घेताना आणि देताना एकच प्रश्न आधी विचारा: परत घ्याल का?

२०१६ च्या जूनमध्ये बाबा गेले आणि साताऱ्याच्या घरात त्यांचा कुत्रा बंड्या एकटा उरला. नऊ वर्षांचा, तपकिरी, डाव्या डोळ्यावर पांढरा ठिपका. मी पुण्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते आणि घरमालक कुत्रं ठेवू द्यायला तयार नव्हते. कुणीतरी शहराबाहेरच्या एका प्राण्यांच्या आश्रमाचा नंबर दिला. फोनवरचा माणूस फार गोड बोलला. आठ हजार रुपये घेतले, टेम्पो पाठवला, बंड्याला घेऊन गेले. महिनाभर फोटो येत राहिले. मग फोटो बंद झाले, मग फोन उचलणंही बंद झालं. एका रविवारी मी थेट तिथे जाऊन उभी राहिले, तेव्हा उत्तर मिळालं, "तो दत्तक गेला." कुणाकडे गेला, याची नोंद त्यांच्याकडे नव्हती. आणि माझ्याकडे पैसे दिल्याची साधी पावती नव्हती.

मी सीएच्या ऑफिसात काम करते. धर्मादाय संस्थांचे हिशेब तपासणं हेच माझं रोजचं काम. बंड्याचं पुढे काय झालं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. त्यानंतर मी प्राण्यांना घर मिळवून देण्याच्या कामात पडले. आतापर्यंत सतरा कुत्री-मांजरं माझ्या घरी तात्पुरती राहून पक्क्या घरी गेली आहेत. संस्था कशी पारखायची हे लोक मला फोन करून विचारतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

कुठल्याही संस्थेला मी पहिला प्रश्न विचारते तो हा: "उद्या काही कारणाने जमलं नाही, तर प्राणी तुम्ही परत घ्याल का? आणि हे लिहून द्याल का?" चांगली संस्था या प्रश्नाने दुखावत नाही. उलट तीच म्हणते, की परत आम्हालाच द्यायचा, परस्पर कुणाला द्यायचा नाही, आणि हे करारात लिहिलेलं आहे. वर्षाने जमलं नाही तरी चालेल, पाच वर्षांनी जमलं नाही तरी चालेल. जिथे "अहो, असं काही होत नाही, तुम्ही घेऊन तर जा" असं उत्तर येतं, तिथून मी निघते. आपल्या हातातून गेलेल्या जिवाची जबाबदारी संस्था शेवटपर्यंत मानते की नाही, ते या एका उत्तरात कळतं. प्राणी घेणाऱ्याने हे विचारायचंच. आपला प्राणी देणाऱ्याने तर दोनदा विचारायचं, कारण संस्थेने ज्यांना दिला त्यांच्याकडून तो परत आला, तर पुढे त्याचं काय होणार हे आपल्याला माहीत हवं.

नावं कुठून मिळवायची? मोबाइलवर शोधून पहिलं येईल त्याला फोन करू नका. आपल्या भागातल्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि विचारा, "उधारी वेळेवर फेडणारे रेस्क्यूवाले कोण?" प्रश्न विचित्र वाटेल, पण डॉक्टरांना नेमकं माहीत असतं की कोण मध्यरात्री जखमी कुत्रं घेऊन येतं, कोण टाके काढायला परत येतं, आणि कोण बिल पाहून गायब होतं. गल्लीत रोज कुत्र्यांना खायला घालणाऱ्या बायका असतात, त्यांनाही विचारा. शहरातली कुठली गाडी बोलावल्यावर येते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

जुनी, सर्वांना माहीत असलेली नावं आहेतच. मुंबईत परळला बॉम्बे एसपीसीएचं जनावरांचं हॉस्पिटल आहे. ही संस्था १८७४ पासूनची. 'वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज' मुंबईत १९८५ पासून भटक्या कुत्र्यांसाठी काम करते. पुण्यात 'रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट' २००७ पासून आहे. गोव्यात आसगावला 'इंटरनॅशनल अ‍ॅनिमल रेस्क्यू' आहे. पण नाव मोठं आहे म्हणून डोळे मिटून जाऊ नका. ओळखीच्या नावापासून सुरुवात करा, बाकी तपासणी तीच.

आता कागद. महाराष्ट्रात ट्रस्ट म्हणून काम करणारी संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असते, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली. नोंदणी क्रमांकात 'ई' किंवा 'एफ' हे अक्षर, आकडा आणि जिल्ह्याचं नाव असतं. तो क्रमांक मागा. द्यायला पाच मिनिटंही लागत नाहीत, कारण तो पावतीवर छापलेलाच असतो. देणगी दिली तर पावती घ्या, आणि '८०जी'चा (देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारा) दाखला आहे का ते विचारा. मी हिशेबातली बाई असल्यामुळे एक गोष्ट पुढे जाऊन करते: मागच्या वर्षीचे लेखापरीक्षित हिशेब बघायला मिळतील का, असं विचारते. त्यात औषधं, खाद्य, पगार आणि डॉक्टरांची फी या चार ओळी मी वाचते. शंभर जनावरं सांभाळतो म्हणणाऱ्या संस्थेचा वर्षाचा औषधखर्च एखाद्या घरच्या लॅब्राडोरइतका असेल, तर तिथे काय चाललंय ते आकडेच सांगतात.

नसबंदीचं काम करणाऱ्या संस्थेकडे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची त्या कामासाठीची मान्यता लागते, २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे. याच नियमांमुळे आणखी एक खूण हाती लागते. रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण झालं की त्याला साधारणपणे पुन्हा त्याच्याच जागी सोडायचं असतं. म्हणून "पैसे द्या, तुमच्या गल्लीतली सगळी कुत्री कायमची उचलून नेतो" म्हणणारा माणूस स्वतःला रेस्क्यूवाला म्हणत असला, तरी त्याच्या हाती आपलं जनावर द्यायचं नाही. तसंच आपला देशी पोपट किंवा चांदणी कासव 'दत्तक' देणारा कुणी भेटला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ते घरात पाळताच येत नाहीत.

कागद नसलेल्या सगळ्यांना मात्र मी बाद करत नाही. आपल्याकडे कितीतरी चांगलं काम एकटीदुकटी माणसं करतात. हडपसरच्या एका रिक्षावाल्या दादांना मी ओळखते. त्यांची कुठेही नोंदणी नाही, पण त्यांनी दिलेल्या प्रत्येक मांजराची नोंद एका दोनशे पानी वहीत आहे: तारीख, घेणाऱ्याचा पत्ता, लस, नसबंदी, आणि शेवटच्या रकान्यात 'फोन केला' अशा तारखा. अशा माणसाच्या बाबतीत मी त्यांच्या डॉक्टरांशी बोलते, आणि आधी ज्यांनी त्यांच्याकडून प्राणी नेला अशा दोघांशी. त्यात एक जण तरी वर्षापूर्वीचा असावा. गेल्या आठवड्यात नेलेला माणूस खूश असणारच.

प्रत्यक्ष जाऊन बघण्याला पर्याय नाही. वेळ ठरवून या म्हटलं तर त्यात गैर काही नाही, आजारी जनावरांना सतत माणसं नको असतात. पण "आत सोडत नाही, पिल्लू गेटवर आणून देतो" हे मान्य करायचं नाही. आत गेलात की आधी पाण्याची भांडी बघा. कडेला हिरवं शेवाळ असेल तर ती कित्येक दिवसांत घासलेली नाहीत. जनावरांच्या जागेत वास असणारच, फिनेलचा आणि मुताचा. पण डोळ्यांत पाणी येईल इतका उग्र वास म्हणजे जागेच्या मानाने जनावरं जास्त आणि धुणारे हात कमी. नखं बघा. वळून पंजात रुतायला आलेली नखं सांगतात की या कुत्र्याला कुणी चालवतच नाही. कानाच्या टोकाला खाच आहे का बघा, ती नसबंदी झाल्याची खूण. मोठी, न खाचलेली नर-मादी एकाच पिंजऱ्यात असतील तर तिथे पिल्लं जन्माला येतायत, आणि मग ती जागा रेस्क्यूची राहिलेली नाही.

नवीन आलेली जनावरं वेगळी ठेवतात का, हे मुद्दाम विचारा. पार्वो आणि डिस्टेंपर हे दोन आजार पिल्लांची अख्खी बॅच घेऊन जातात, आणि लागण झालेलं पिल्लू पहिले काही दिवस ठणठणीत दिसतं. म्हणून निदान दोन आठवडे वेगळी खोली, वेगळी भांडी, वेगळा झाडू. "आमच्याकडे सगळी एकत्रच मजेत राहतात" हे ऐकायला गोड असलं तरी त्या गोडव्यात पिल्लं मरतात.

आणि तिथे काम करणाऱ्या माणसांशी बोला. माझी राधी मी ज्या शेल्टरमधून आणली, तिथे झाडलोट करणाऱ्या एक मावशी होत्या. मी एका काळ्या कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवायला वाकले, तशा त्या बादली खाली ठेवून म्हणाल्या, "ताई, त्याला मागून नको, पुढून या. गाडीखाली आलेला आहे, दचकतो." मग चाळीस-एक कुत्र्यांमधून चालत त्यांनी मला एकेकाचं सांगितलं: हिला दूध पचत नाही, हा पुरुषांना घाबरतो, या दोघी एकमेकींशिवाय जेवत नाहीत. अध्यक्षांनी मला भिंतीवरची सन्मानपत्रंही दाखवली होती. मी राधीला तिथून आणलं ते मावशींच्या भरवशावर.

तुम्ही त्यांना तपासता तसं त्यांनीही तुम्हाला तपासायला हवं. घर स्वतःचं की भाड्याचं, घरमालकाची लेखी संमती आहे का, दिवसभर घरी कोण असतं, घरातल्या सगळ्यांना मान्य आहे का, खिडक्यांना जाळ्या आहेत का (मांजरासाठी हे फार महत्त्वाचं, चौथ्या मजल्यावरून पडलेली मांजरं मी उचलली आहेत), आधीचं जनावर कशाने गेलं, गावाला जाताना काय कराल. काही जण यावर चिडतात. "आम्ही उपकार करतोय आणि हे आमची चौकशी करतात!" मला मात्र या प्रश्नांनी हायसं वाटतं. बंड्याला घेऊन जाणाऱ्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता: पैसे रोख देणार की खात्यात?

दत्तकपत्रात काय असावं? प्राण्याचं वर्णन आणि फोटो, दोन्हीकडची नावं-पत्ते, लस आणि नसबंदीची माहिती, पिल्लू लहान असेल तर नसबंदी कधी करायची ती तारीख, परत घेण्याची अट, आणि ते घरी येऊन बघू शकतात ही अट. शुल्क म्हणून लस-नसबंदीचा खर्च कुणी मागितला तर द्या, पावती घ्या. पण जातिवंत पिल्लाचा दर वेगळा आणि गावठीचा वेगळा असेल तर ती विक्री आहे. पिल्लं पैदास करून विकणाऱ्याला २०१७ च्या नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. दत्तक हा शब्द वापरून हे दोन्ही चुकवणारे बरेच आहेत.

लसीचं कार्ड हातात घेऊन वाचा. लसीच्या बाटलीवरचं छोटं लेबल सोलून कार्डावर चिकटवलेलं असतं, त्यावर बॅच क्रमांक असतो, शेजारी तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांकाचा शिक्का. लेबल नाही, नुसतंच पेनाने 'रेबीज दिली' असं लिहिलंय, तर त्या डॉक्टरांना फोन करा. पिल्लाची पहिली एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांना होते आणि पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर. दीड महिन्याच्या पिल्लाच्या कार्डावर सगळ्या लसी 'पूर्ण' दिसल्या, तर ते कार्ड घरी बसून भरलेलं आहे असं धरा. मोठं कुत्रं घेत असाल तर रक्ताची एक तपासणी करून घ्या. गोचिडांचा ताप आपल्याकडे घरोघरी आहे आणि बाहेरून तो दिसत नाही.

एक फसवणूक सतत कानावर येते, ती थोडक्यात सांगते. 'लॅब्राडोरची पिल्लं फुकट, घरचे परदेशी चाललेत, फक्त गाडीभाडं पाठवा.' भाडं पाठवलं की विम्याचे पैसे, मग परवान्याचे. पिल्लू नसतंच. प्राणी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका, आणि पाठवून बसला असाल तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

आता देण्याबद्दल. हा भाग लिहिताना मला जड जातं.

आधी खरंच द्यायला हवं का, ते बघा. सोसायटीच्या दबावामुळे देत असाल तर जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना छापून सेक्रेटरींच्या हातात ठेवा; सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. घरात बाळ येणार म्हणून मांजर काढायला सांगत असतील तर बाळंतपणाच्या डॉक्टरांशी नीट बोला. भीती असते ती टोक्सोप्लाझ्माची, म्हणजे मांजराच्या विष्ठेतून पसरणाऱ्या आणि पोटातल्या बाळाला धोक्याच्या परजीवीची. त्याचं बीज विष्ठेतून बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगं व्हायला निदान एक दिवस घेतं, म्हणून मांजराची शी-शूची पेटी रोजच्या रोज दुसऱ्या कुणीतरी साफ केली की बहुतेक प्रश्न सुटतो. चावतो म्हणून देत असाल तर आधी डॉक्टर. दुखणाऱ्या कानामुळे चावणारी कुत्री मी पाहिली आहेत. आणि रस्त्यावर सोडून देणं हा मार्गच नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ खाली तो गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे कायद्याचा धाक नाहीच. पण आयुष्यभर वाटीत जेवलेलं जनावर रस्त्यावर चार दिवसही काढू शकत नाही.

द्यायचंच ठरलं तर शेल्टरच्या दारात नेऊन सोडण्याचा विचार शेवटी करा. शेल्टर भरलेली असतात, आणि घरात वाढलेला प्राणी तिथल्या गोंगाटात खाणं सोडतो. संस्थेला असं विचारा: "प्राणी माझ्याकडेच राहील, खर्च माझा. तुम्ही त्याची माहिती तुमच्या लोकांत पसरवाल का आणि येणारी माणसं पारखायला मदत कराल का?" बहुतेक चांगल्या संस्था याला हो म्हणतात. आणि महिनाभराचा वेळ तरी हातात ठेवा. परवा गाडी आहे म्हणून आज फोन केलात, तर तुम्हीही माझ्यासारखे टेम्पोवाल्याच्या हाती द्याल.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या काकांचा टायगर आम्ही असा दिला. आठ वर्षांचा लॅब्राडोर, बत्तीस किलोचा. काकूंना अर्धांगवायू झाला, काका शहात्तरचे, टायगर ओढायचा तसे तेच पडायचे. आधी त्याच्या रक्ताच्या तपासण्या केल्या आणि नसबंदी करून घेतली. हे पहिलं काम. जातिवंत, नसबंदी न झालेला कुत्रा फुकट मिळतोय म्हटल्यावर जे फोन येतात, त्यातले बरेच पैदास करणाऱ्यांचे असतात. आम्हाला पहिलाच फोन आला तो, "पिल्लं होतील ना याच्यापासून?" नसबंदी झालीय म्हटल्यावर त्यांनी ठेवून दिला. दुसऱ्यांना प्लॉटवर राखणीला हवा होता, साखळीला. तिसऱ्यांना मुलीच्या वाढदिवसाला सरप्राइज द्यायचं होतं. काका म्हणायचे, "एवढ्यांना नाही म्हणतेस, कुणी मिळेल का?" मिळाले. तळेगावचं एक कुटुंब, त्यांची चौदा वर्षांची लॅब्राडोर आदल्या वर्षी गेली होती. त्यांनी न मागता त्यांच्या डॉक्टरांचा नंबर दिला. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "त्या माणसाने शेवटचे दोन महिने तिला उचलून जिना उतरवलं आहे." मग आम्ही घर बघून आलो, त्यांनी दोनदा येऊन टायगरला फिरायला नेलं, आणि पंधरा दिवसांच्या बोलीवर तो गेला. कराराच्या दोन प्रती केल्या. जमलं नाही तर परत माझ्याकडे, हे त्यात मी माझ्या हाताने लिहिलं.

सोबत काकांनी दोन पानं लिहून दिली होती, हे प्रत्येकाने करावं. काय खातो, किती वाजता, कुठला शब्द कळतो, कशाला भितो. त्याची न धुतलेली चादर, तेच खाद्य पंधरा दिवसांचं, लसीचं कार्ड, सगळ्या जुन्या चिठ्ठ्या. काकांचं अक्षर थरथरतं होतं, तरी त्यांनी एकही ओळ मला लिहू दिली नाही.

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या रात्री तळेगावहून फोटो आला. बाहेर फटाके सुरू झाल्यावर टायगर बाथरूममध्ये जाऊन बसतो, असं काकांनी दुसऱ्या पानावर लिहिलं होतं. फोटोत बाथरूमचा दिवा मंद होता, फरशीवर गोधडी दुपारीच घालून ठेवलेली, आणि टायगर तिच्यावर हनुवटी टेकून झोपलेला.